केसपेपर वहीच्या कव्हरात

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलं आहे. वय 41. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात त्या कामाला जातात, नवरा टॉवेलच्या लूमवर. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई, अकरावीत शिकणारी 16 वर्षांची मुलगी आणि 14 वर्षांचा मुलगा. गेल्या महिन्यात मुलीच्या वहीचं निघालेलं कव्हर चिकटवायला घेतलं, तर आतून चार घड्या घातलेला केसपेपर पडला. सरकारी दवाखान्याचा, वर ‘मैत्री’ या किशोरवयीन मुलामुलींच्या केंद्राचा शिक्का. पाळी अनियमित, अंगावरून पांढरं जाणं, हिमोग्लोबिन 9.4, गोळ्या, आणि खाली ‘एक महिन्याने दाखवणे’. मुलगी क्लास बुडवून मैत्रिणीबरोबर गेली होती. आईने कागद होता तसा परत ठेवला आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही.

त्या लिहितात, “आमच्या घरात मोकळं वातावरण आहे. दिवाळीत ती पांढरं जातंय म्हणाली होती, तेव्हा मीच सांगितलं की उष्णता आहे, सब्जा घे, सगळ्या बायकांना असतं. पोरगी शहाणी झाली तेव्हा सासूबाईंनी गल्ली बोलावून ओटी भरली, आम्ही काही लपवलं नाही. मग तिनं मला चोरून का जावं? आईशिवाय तिला तपासलंच कसं? आमच्या बोळातली एक बाई त्याच दवाखान्यात कामाला आहे, तिनं पाहिलं असेल तर? आणि ताई, पोराबिराची भानगड तर नसेल? तिच्या वडिलांना सांगू का? क्लास बंद करू का?”

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

*

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं, आणि ते तुम्ही जाताजाता लिहून टाकलेलं आहे. दिवाळीत ती तुम्हाला म्हणाली होती. म्हणजे ती पहिल्यांदा तुमच्याकडेच आली. तुम्ही सब्जा दिलात. तुमच्या आईनेही तुम्हाला तेच दिलं असेल, त्यात वाईट हेतू कुठेच नाही. पण तिची तक्रार सब्जाने गेली नाही, आणि पुन्हा सांगितलं तर पुन्हा सब्जाच मिळणार हे तिला कळलं. मग तिने पुढची पायरी गाठली. याला चोरून जाणं म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

तो कागद भानगडीचा पुरावा म्हणून तुम्ही वाचलात. मी तो वेगळा वाचते. 16 वर्षांची मुलगी कुठलं तरी केंद्र शोधते, सकाळची ओपीडीची वेळ विचारून ठेवते, खिडकीवर अनोळखी माणसाला नाव-वय सांगते, रांगेत उभी राहते, आत जाऊन ‘पाळी’ हा शब्द मोठ्याने उच्चारते, रक्त काढायला हात पुढे करते, गोळ्या घेऊन घरी येते. कागद फेकून न देता जपून ठेवते, कारण त्यावर पुन्हा जायची तारीख आहे. यातली कुठली गोष्ट तिने चुकीची केली? क्लास बुडवला एवढंच ना? एक तास भौतिकशास्त्र बुडालं.

मी 17 वर्षांची असताना आईबरोबर आपल्या शहरातल्याच एका दवाखान्यात गेले होते. दोन-अडीच महिने पाळी आली नव्हती. बाहेर बाकावर आठ-दहा माणसं बसलेली. कंपाउंडर दारात येऊन ओरडला, “पाळीचं पेशंट कोण आहे?” आईने माझा दंड धरून मला उठवलं. आत डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी आली होती? आई म्हणाली, एकादशीच्या आदल्या दिवशी. ते चूक होतं. मला तारीख पाठ होती, पण मी गप्प बसले, आणि चुकीच्या तारखेवर मला गोळ्या मिळाल्या. पुढची नऊ वर्षं मी या कारणासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेले नाही. तुमची मुलगी आईशिवाय गेली आणि तिने स्वतःची तारीख स्वतः सांगितली. मला तिचा हेवा वाटला, खरंच.

आता ते ‘शहाणी’ होणं. हिरवी साडी, गजरे, ओटी, बोळातल्या बायका, जेवण. तिच्या शरीरात काय सुरू झालं हे त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं आणि कुणाला त्यात लाज वाटली नाही. त्याच शरीराची तक्रार घेऊन ती दवाखान्यात गेली, तर ते त्याच गल्लीपासून लपवायचं. ओटी भरायला जमलेल्या बायकांपैकी कुणी तिला सांगितलं का, की पाळी किती दिवसांनी येते, किती अंगावर गेलं तर जास्त, दुखलं तर कुठे जायचं? माझ्या वेळी नव्हतं सांगितलं. साडीचा काठ कसा आहे यावर मात्र तासभर चर्चा झाली होती.

तिला तपासलंच कसं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने जानेवारी 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत वेगळी केंद्रं ठेवायची, तिथे समुपदेशकाने निवांत बोलायचं, वजन-रक्त बघायचं, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवायचं, अशी ही योजना आहे. आपल्या राज्यात या केंद्रांना ‘मैत्री’ म्हणतात. लग्न झालंय की नाही हे तिथे आड येत नाही, आणि सल्ल्यासाठी आईबापाला घेऊनच या अशी अटही नाही. ती अट घातली असती तर निम्मी मुलं दारातूनच परत गेली असती. शस्त्रक्रिया, गर्भपात असलं काही असेल तेव्हा 18 खालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागतेच. तुमचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण असं पत्र लिहिणाऱ्या प्रत्येक आईच्या मनात असतं म्हणून सांगते. पाळीच्या किंवा पांढऱ्याच्या तक्रारीसाठी कुमारवयीन मुलीची आतून तपासणी सहसा करतच नाहीत. सोनोग्राफी लागलीच तर भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून, पोटावरून करतात. तपासताना बाई हजर हवी असं ती म्हणू शकते. “हे कशासाठी?” असं विचारू शकते, नको म्हणू शकते. हे मुलींना आधी माहीत असलं की अर्धी भीती तिथेच उतरते.

कागदावरच्या तक्रारींबद्दल थोडक्यात. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती 21 पासून 45 दिवसांपर्यंत मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. तीन महिने आलीच नाही, सात दिवसांच्या वर राहिली, तासा-दोन तासाला पॅड भिजू लागलं, किंवा दुखण्यापायी कॉलेज बुडू लागलं, तर दाखवायचं. वय 15 उलटूनही पाळी सुरूच झाली नसेल तरीही दाखवायचं. पांढरं पाणी पातळ, बिनवासाचं असेल तर तो शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे, त्याने हाडं झिजत नाहीत की अशक्तपणा येत नाही. खाज, दह्यासारखे गोळे, घाण वास, हिरवट-पिवळा रंग यातलं काही असेल तर औषध लागतं, आणि ते बहुतेक वेळा साधंच असतं. साबण, डेटॉल आतून लावायचं नाही, नुसतं पाणी पुरे.

काळजी करायची तर 9.4 या आकड्याची करा. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 तरी असायला हवं. शाळा-कॉलेजात आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ही रक्त कमी होऊ नये म्हणून असते. झालेली कमतरता भरून काढायला डॉक्टर वेगळा डोस देतात, तोच तिला दिला असेल. ती या गोळ्या तुमच्यापासून लपवून घेतेय म्हणजे बहुधा कधी पाण्याबरोबर, कधी चहाबरोबर, कधी विसरून. लोहाच्या गोळीवर चहा पडला की गोळी फुकट. आपल्याकडे भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात असतानाच चहाचं आधण चढतं, तेव्हा मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. लिंबू पिळलेलं खाऊ द्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. एका लपवाछपवीमुळे घरात एवढं साधं सांगणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून तिच्याशी बोलणं निकडीचं आहे.

बोलायचं कसं? ताकाला जाऊन भांडं लपवू नका. “तुझी तब्येत कशी आहे गं हल्ली?” असं आडून विचारलंत तर तिला दोन मिनिटांत कळेल की तुम्ही कागद पाहिलाय, आणि मग तुम्हीही चोरून वाचणाऱ्या ठराल. सरळ सांगा, “कव्हर चिकटवताना तुझा केसपेपर दिसला, मी वाचला. तुला न विचारता वाचला, ते चुकलं. दिवाळीत तू सांगितलंस तेव्हा मी नीट ऐकलं नाही, तेही चुकलं.” एवढं बोलून थांबा. ती लगेच काही बोलणार नाही, चिडेलसुद्धा. चिडू द्या. दोन खोल्यांत सासूबाई आणि टीव्हीसमोर हे होणार नाही, त्यामुळे जागा बाहेर शोधा. माझ्या अनुभवात स्कूटीसारखी जागा नाही. एक पुढे, एक मागे, तोंडं समोरासमोर नसतात, आणि रस्ता संपेपर्यंत कुणी उठून जाऊ शकत नाही. स्कूटी नसेल तर बाजारातून पिशव्या घेऊन चालत येताना, किंवा संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी भेळ खाताना. हातात काहीतरी असलं की बोलणं सोपं जातं.

आणि त्या पहिल्या बोलण्यात मुलाचा विषय काढू नका. मोह होईल. “कोणी आहे का?” हा प्रश्न तोंडातून गेला की तिने दवाखान्यात जाण्याचा अर्थ घरात ‘भानगड’ असा लागतो हे तिला कायमचं समजेल, आणि पुढच्या वेळी खरंच गरज असेल तेव्हा ती ना तुमच्याकडे येईल ना दवाखान्यात जाईल. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात मुलाचा संशय घ्यावा असं काहीही नाही. पांढरं जाणं ही लग्न न झालेल्या, कुणाशी बोलतही नसलेल्या मुलींची रोजची तक्रार आहे.

पण समजा असेल. वाचकांत दुसऱ्या कुणाच्या घरी असेलच. तेव्हा मी गोड बोलून वेळ मारून नेणार नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलामुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, दोघांची मर्जी असली तरी. आणि कलम 19 प्रमाणे ज्याला ते कळलं त्याने पोलिसांना कळवायचं आहे, डॉक्टर आणि समुपदेशकानेसुद्धा. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे ‘मैत्री’तल्या गुप्ततेला इथे मर्यादा आहे. चांगली समुपदेशक हे बोलणं सुरू होण्याआधीच मुलीला सांगते. मुलींनीही विचारावं, “मी सांगितलेलं तुम्ही कुणाला सांगणार?” हा प्रश्न उद्धट नाही. अत्याचार झालेल्या मुलांना या कायद्याने मोठा आधार दिला, पण एकमेकांच्या प्रेमात पडलेली सोळा-सतराची पोरं याच भीतीने दवाखान्याचं तोंड बघत नाहीत आणि मेडिकलमधून कुणाच्या तरी हातून गोळ्या आणवतात. मला ही गाठ अजून सुटलेली दिसत नाही. थोडी सैल झाली ती सप्टेंबर 2022 मध्ये. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या वेळी तिने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. गर्भपात कायदेशीर आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी 24 आठवड्यांपर्यंत, 20 नंतर दोन डॉक्टरांच्या मताने. अशी वेळ आलीच तर मुलीला हे सगळं एकटीला कळणार नाही. तिला तेव्हा घरातलं एक माणूस लागेल, आणि ते माणूस कोण, हे ती आजच्या तुमच्या वागण्यावरून ठरवणार आहे.

बोळातल्या त्या बाईंचं काय? पाहिलंही असेल. दवाखान्यात काम करणाऱ्या कुणालाही पेशंटची गोष्ट बाहेर नेण्याचा अधिकार नाही, आणि नेली तर तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. पण खरं सांगू? त्या बाईंनी तुम्हाला गाठून विचारलं, “काय ओ, पोरगी आली होती की दवाखान्यात?” तर तुमचं उत्तर तयार ठेवा. “हो, रक्त कमी आहे तिचं, गोळ्या चालू आहेत.” न दचकता, भाजी निवडत. दचकलात की गोष्ट तयार झाली.

तिच्या वडिलांना सांगायचं की नाही, हे तिला विचारून ठरवा. तो तिचा कागद आहे. “रक्त कमी आहे एवढं पप्पांना सांगू का, खाण्यापिण्याचं बघता येईल,” असं विचारलंत तर बहुतेक मुली हो म्हणतात. बाकीचं तिच्याकडे राहू द्या. क्लास अजिबात बंद करू नका. दवाखान्यात गेल्याची शिक्षा म्हणून शिक्षण थांबलं, ही बातमी तिच्या सगळ्या मैत्रिणींत एका दिवसात पोचेल, आणि त्यातली कुठली मुलगी मग केसपेपर काढायला जाईल?

तुमच्या पत्रात मुलाबद्दल एकच ओळ आहे, 14 वर्षांचा आहे एवढी. त्याला कोण घेऊन जाणार? झोपेत कपडे ओले होतात, म्हणून आपल्याला रोग लागला असं त्याला वाटत असेल, तर तो कुणाला विचारेल? एसटी स्टँडच्या आसपास मुतारीच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, धातुरोग, खात्रीशीर इलाज’ लिहिलेलं असतं, ते या वयाच्या पोरांसाठीच असतं. वीर्य गेल्याने ताकद जात नाही, रात्री होणारं ते निसर्गाचं काम आहे, हे दोन वाक्यांत सांगता येतं. वडिलांना जमत नसेल तर मामाला सांगा, नाहीतर तुम्हीच. आणि एक गोष्ट मुलांच्या प्रत्येक आईबापाला माहीत हवी. अचानक एका अंडकोषात भयंकर दुखू लागलं, उलटी झाली, तर ती आतली पिळवटलेली नस असू शकते. सुरुवातीच्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष बहुतेकदा वाचतो. पोरं लाजेपायी “पोट दुखतंय” म्हणून रात्र काढतात, आणि सकाळ होईपर्यंत उशीर झालेला असतो. ‘मैत्री’ मुलांसाठीही आहे. तिथे मुलगे कमी जातात, कारण तो मुलींचा दवाखाना आहे असं आपणच त्यांना सांगून ठेवलंय.

ज्या घरांत अजून कुठला केसपेपर सापडलेला नाही त्यांनी एक करून बघा. मुलं बरी असतानाच त्यांना ती जागा दाखवून आणा. आजीच्या बीपीच्या गोळ्या आणायला जाताना सोबत न्या, खिडकी कुठली, ‘मैत्री’ची खोली कुठली, कुठल्या दिवशी उघडी असते, एवढंच. पाळीच्या तारखा लिहायला मुलीला तिची स्वतःची छोटी डायरी द्या आणि ती उघडू नका. डॉक्टरकडे सोबत गेलात तर पहिली दोन मिनिटं बसा, मग स्वतःहून म्हणा, “मी बाहेर थांबते, तुम्ही बोला.” डॉक्टरने मुलीला प्रश्न विचारला की ओठ घट्ट मिटा. हे फार अवघड जातं, माझ्या पोरीच्या वेळी मला जीभ चावावी लागली होती. गल्लीतल्या ओळखीच्या दवाखान्यात ती संकोचत असेल तर चार स्टॉप लांबचा बघा. कुठेच जाणं शक्य नसेल तर 104 या आरोग्य सल्ला क्रमांकावर फोन करता येतो, मन बिथरलं असेल तर 14416, आणि कुणी त्रास देत असेल तर 1098. एका मोबाईलवर अख्खं घर चालतं तिथे फोन करायलासुद्धा पोरीला दहा मिनिटांचा एकांत द्यावा लागतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

आणि ताई, ‘एक महिन्याने दाखवणे’ असं कागदावर आहे. तुम्हाला तो सापडला गेल्या महिन्यात, म्हणजे तारीख आली असेल किंवा उलटून गेली असेल. तिला विचारा, “मी येऊ का?” नको म्हणाली तर रिक्षाचे पैसे द्या आणि मैत्रिणीबरोबर जाऊ द्या. ये म्हणाली तर कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाका, पाण्याची बाटली घ्या, आणि तिथल्या बाकावर बसून राहा. त्या घड्या घातलेल्या कागदाला एक प्लॅस्टिकचं फोल्डरही घेऊन द्या. वहीच्या कव्हरात फार दिवस टिकणार नाही तो.